नीरक्षीरविवेकाचे गणित

मिसळणे सोपे आणि वेगळे करणे अवघड, हा अनुभव प्रत्येक घरात रोज येतो. चहात दूध पडले, आमटीत मीठ विरघळले, दोन पोत्यांतील तांदूळ एकाच डब्यात ओतले गेले, की मूळ पदार्थांच्या सीमा पुसल्या जातात. मग कोणता भाग कोठून आला आणि किती आला, हे डोळ्यांना सांगता येत नाही. संस्कृत कवींनी या अडचणीवर एक सुंदर कल्पना योजली. पाणी मिसळलेल्या दुधातून केवळ दूध वेचून घेण्याचे सामर्थ्य हंसाच्या चोचीत असते, असा संकेत त्यांनी मानला. त्यातूनच ‘नीरक्षीरविवेक’ हा शब्द रूढ झाला आणि खऱ्याखोट्याची निवड करणाऱ्या बुद्धीसाठी तो वापरला जाऊ लागला. प्रत्यक्षातल्या हंसाला ही विद्या अवगत नाही. माणसाने मात्र ती मिळवली. त्यासाठी त्याला दोन ओळींचे बीजगणित पुरले.

हे बीजगणित शालेय पुस्तकात ‘मिश्रणावरील शाब्दिक उदाहरणे’ या नावाने भेटते. त्या नावाची अनेकांना धास्ती वाटते. मांडून दिलेली दोन समीकरणे सोडवणारा विद्यार्थीसुद्धा तीच गोष्ट वाक्यांत सांगितली की गोंधळतो. शाळा मध्येच सुटलेल्या आणि प्रौढ वयात पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला तर हा प्रांत आपला नव्हेच असे वाटते. वस्तुतः मिश्रणाचा व्यवहार त्याच्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो. सिमेंट आणि वाळूचा माल कालवणारा गवंडी, दोन भावांचे तांदूळ एकत्र करून तिसरा भाव ठरवणारा किराणा दुकानदार, पातळ झालेल्या वरणात घट्ट वरण घालून ते सारखे करणारी गृहिणी, हे सारे मिश्रणाचेच हिशेब करीत असतात. फक्त ते कागदावर उतरवण्याची रीत त्यांच्या हाती आलेली नसते.

ती रीत एका साध्या उदाहरणातून स्पष्ट होते. गावातील दूध संकलन केंद्रात गाईचे आणि म्हशीचे दूध एका मोठ्या कॅनमध्ये एकत्र झाले आहे. गाईच्या दुधात ४ टक्के स्निग्धांश आहे, म्हशीच्या दुधात ७ टक्के. एकत्र झालेले दूध ६० लिटर भरले आणि त्यात ५ टक्के स्निग्धांश आढळला. तर गाईचे दूध किती आणि म्हशीचे किती?

येथे दोन गोष्टी अज्ञात आहेत. गाईचे दूध ‘क्ष’ लिटर आणि म्हशीचे ‘य’ लिटर मानले, की अज्ञाताला नाव मिळते. आणि नाव मिळालेल्या गोष्टीविषयी बोलता येते. त्यानंतर दोनच प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न, एकूण किती? दुसरा, त्या एकूणात सार किती? येथे ‘सार’ म्हणजे ज्या घटकावरून दोन पदार्थांचा वेगळेपणा ओळखता येतो तो घटक. दुधात तो स्निग्धांश असतो, दागिन्यात शुद्ध सोने असते, मिठाच्या पाण्यात मीठ असते, तर दोन भावांच्या तांदळात रुपये असतात. पदार्थ मिसळले तरी एकूण वाढत वा घटत नाही, आणि सारही नाहीसे होत नाही. ते केवळ पसरते. मिश्रणाच्या सगळ्या उदाहरणांचा पाया एवढाच आहे.

पहिल्या प्रश्नातून क्ष + य = ६० हे समीकरण मिळते. दुसऱ्यातून ४क्ष + ७य = ३०० हे मिळते, कारण ६० लिटरला ५ टक्के म्हणजे ६० गुणिले ५, अर्थात ३००. पहिल्या समीकरणाला ४ ने गुणले, तर ४क्ष + ४य = २४०. हे दुसऱ्यातून वजा केले की क्षचा लोप होतो आणि ३य = ६० उरते. म्हशीचे दूध २० लिटर आणि गाईचे ४० लिटर. पडताळा घ्यायचा तर ४० चोक १६० आणि २० साते १४०, मिळून ३००. हिशेब जुळला.

ज्याने कधी समीकरण मांडले नाही असा केंद्रावरचा एखादा अनुभवी माणूस हाच प्रश्न तोंडी सोडवील. तो म्हणेल, सगळे दूध गाईचेच असते तर २४० भरले असते. प्रत्यक्षात ३०० भरले, म्हणजे ६० जास्त. म्हशीचा प्रत्येक लिटर गाईच्या लिटरपेक्षा ३ ने सरस. तेव्हा ६० जास्त येण्यासाठी म्हशीचे २० लिटर हवेत. या बोलण्यात आणि वरच्या वजाबाकीत कणभरही फरक नाही. पुस्तकात ज्याला ‘चलाचा लोप’ म्हणतात, ती क्रिया म्हणजे ‘सगळे एकाच प्रकारचे असते तर’ ही व्यवहारातली कल्पनाच होय. बीजगणित माणसाला नवी बुद्धी देत नाही. असलेली बुद्धी ते नेमकी आणि टिकाऊ करते, म्हणजे आकडे मोठे झाले, अपूर्णांक आले किंवा पदार्थ दोनाचे तीन झाले तरी ती डगमगत नाही.

दोन समीकरणे कशासाठी, हा प्रश्न येथे मनात येणे स्वाभाविक आहे. केवळ ‘एकूण ६० लिटर’ एवढेच माहीत असेल, तर १० आणि ५०, २५ आणि ३५, किंबहुना असंख्य जोड्या त्या अटीत बसतात. एकच साक्षीदार असला की अनेक कथा खऱ्या वाटू शकतात, तसेच हे आहे. दुसरा साक्षीदार आला की बहुतेक कथा गळून पडतात आणि एकच उरते. मात्र दुसऱ्याने पहिल्याचेच वाक्य वेगळ्या शब्दांत सांगून चालत नाही. ‘एकूण ६० लिटर’ आणि ‘अर्ध्या लिटरची १२० मापे’ ही दिसायला दोन विधाने असली तरी माहिती एकच आहे. दोन अज्ञातांसाठी दोन स्वतंत्र विधाने लागतात, हा नियम गणिताइतकाच न्यायालाही लागू पडतो.

उत्तर कधी कधी विचित्र येते आणि त्याचेही मोल असते. समजा, त्याच दोन दुधांपासून ८ टक्के स्निग्धांशाचे ६० लिटर दूध तयार केल्याचा दावा कोणी केला. समीकरणे मांडली तर म्हशीचे दूध ८० लिटर आणि गाईचे उणे २० लिटर येते. उणे २० लिटर दूध कोणत्याही कॅनमध्ये मावत नाही. आकडेमोड चुकलेली नाही. दावाच अशक्य आहे. ४ आणि ७ यांच्या मिश्रणातून ८ निघू शकत नाही, हे ऋण उत्तर स्वच्छ सांगते. म्हणून अशा उत्तरावर घाईने काट मारण्यापूर्वी ते काय सांगू पाहते, याचा विचार करणे योग्य ठरते.

भारतीय गणिताला हे प्रश्न फार जुन्या काळापासून परिचित आहेत. इसवी सन ८५० च्या सुमारास राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात होऊन गेलेल्या महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ लिहिला. त्यातील एका उदाहरणात ९ महाळुंगे आणि ७ कवठे यांची किंमत १०७ आहे, तर ७ महाळुंगे आणि ९ कवठे यांची १०१. प्रत्येक फळाची किंमत विचारली आहे. दोन्ही खरेदी एकत्र केल्या तर १६ महाळुंगे आणि १६ कवठे २०८ ला मिळतात, म्हणजे एका जोडीची किंमत १३. एका खरेदीतून दुसरी वजा केली तर २ महाळुंगे २ कवठांपेक्षा ६ ने महाग ठरतात, म्हणजे एकामागे ३ चा फरक. बेरीज १३ आणि फरक ३ असलेल्या संख्या ८ आणि ५. महाळुंग ८ चे, कवठ ५ चे. अकराशेहून अधिक वर्षांनंतरही हे उदाहरण बाजारातून आत्ताच घरी आलेल्या पिशवीसारखे ताजे वाटते.

महावीराचार्यांनंतर सुमारे तीनशे वर्षांनी, ११५० साली, भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ रचली. त्यातील एका भागाचे नावच ‘सुवर्णगणित’ आहे. सोन्याच्या शुद्धतेला तेथे ‘वर्ण’ म्हटले आहे आणि शुद्ध सोने १६ वर्णांचे धरले आहे. १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ मासे घेऊन एकत्र वितळवले, तर मिश्रण किती वर्णांचे होईल, असा तेथे प्रश्न आहे. वजन आणि वर्ण यांचे गुणाकार केले तर १३०, ४८, २२ आणि ४० येतात. त्यांची बेरीज २४०, एकूण वजन २० मासे, म्हणून मिश्रण १२ वर्णांचे. सार आणि एकूण यांचीच ही सांगड आहे.

दुसऱ्या एका उदाहरणात १६ आणि १० वर्णांचे सोने मिसळून १२ वर्णांचे झाले आहे आणि दोहोंची वजने विचारली आहेत. येथे युक्ती तिरकस वजाबाकीची आहे. १२ मधून १० वजा केले की २ उरतात. ते १६ वर्णांच्या सोन्याचे वजन. १६ मधून १२ वजा केले की ४ उरतात. ते १० वर्णांच्या सोन्याचे वजन. या दोन संख्यांना हव्या त्या संख्येने गुणले तरी उत्तर बरोबरच राहते, हेही त्या रीतीत सांगितले आहे. म्हणजे केवळ वर्णांच्या अटीतून वजनांचे प्रमाण मिळते, प्रत्यक्ष वजने ठरत नाहीत. ती ठरवायला एकूण वजनाची दुसरी अट लागते. एका साक्षीदाराची मर्यादा भास्कराचार्यांना पूर्ण ठाऊक होती.

त्यांच्या ‘बीजगणित’ या ग्रंथात अनेक अज्ञातांच्या समीकरणांना ‘अनेकवर्णसमीकरण’ असे नाव आहे. पहिल्या अज्ञाताला ते ‘यावत्तावत्’ म्हणत, तर पुढील अज्ञातांना कालक, नीलक, पीतक, लोहितक अशी रंगांची नावे देत. आजच्या क्ष आणि य यांच्या जागी तेव्हा काळा, निळा, पिवळा आणि तांबडा रंग उभे असत. ‘वर्ण’ हा एकच शब्द सोन्याच्या कसाला आणि समीकरणातील अज्ञाताला वापरला जावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे. अनेक रंग एकमेकांत मिसळलेले असताना प्रत्येकाचा वाटा ओळखणे, हेच तर या गणिताचे काम. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याची नोंद असलेला १२०७ सालचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. तेव्हा ही विद्या महाराष्ट्राच्या मातीतही जपली गेली, असे म्हणण्यास आधार आहे.

सोन्याचा तो हिशेब आजही तसाच चालतो, फक्त वर्णाची जागा कॅरेटने घेतली आहे. शुद्ध सोने २४ कॅरेटचे. २२ कॅरेटच्या दागिन्यावर ‘९१६’ हा आकडा असतो, कारण त्यात हजार भागांत सुमारे ९१६ भाग शुद्ध सोने असते. २४ आणि १८ कॅरेटचे सोने मिसळून २२ कॅरेटचे ३० ग्रॅम सोने करावयाचे असेल, तर क्ष + य = ३० आणि २४क्ष + १८य = ६६० ही दोन समीकरणे पुरतात. उत्तर येते २० ग्रॅम आणि १० ग्रॅम. २०२१ सालापासून भारतात सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यात आला. ग्राहकाच्या हाती त्यामुळे शुद्धतेचा आकडा येतो. त्या आकड्याचा अर्थ समजणे आणि वजनाशी त्याचा गुणाकार करून पाहणे एवढे मात्र ग्राहकाने स्वतः करावे लागते. मुलीच्या लग्नासाठी पैपै साठवलेल्या कुटुंबाला हा गुणाकार येणे किंवा न येणे, यातला फरक फार मोठा असतो.

दुधाच्या व्यवहारात तर या गणितावर शेतकऱ्याची पत अवलंबून असते. दुधाची घनता मोजणारे लॅक्टोमीटर हे साधे उपकरण सर्वांच्या परिचयाचे आहे. दुधात पाणी घातले की घनता कमी होते आणि उपकरण ते दाखवते. परंतु स्निग्धांश दुधातील इतर घटकांपेक्षा हलका असतो. त्यामुळे साय काढून घेतली की दुधाची घनता वाढते. एखाद्याने आधी साय काढली आणि नंतर बेताने पाणी घातले, तर घनता पुन्हा पूर्वीच्या ठिकाणी येते. दोन फसवणुकी एकमेकींना झाकतात आणि एकटे लॅक्टोमीटर निमूटपणे ‘दूध चांगले’ असे सांगते. अज्ञात दोन आणि साक्षीदार एक, अशी ही स्थिती आहे.

१८९० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे स्टीफन बॅबकॉक यांनी स्निग्धांश मोजण्याची सोपी पद्धत शोधली. पुढे स्वित्झर्लंडमधील गर्बर यांच्या नावाची पद्धत जगभर पसरली आणि भारतातील दूध केंद्रांतही रुजली. केवळ मापावर पैसे मिळत असताना पाणी घालणाऱ्याचा लाभ होई आणि सकस दूध देणाऱ्याचे नुकसान. स्निग्धांशाची दुसरी साक्ष मिळाली आणि हा अन्याय दूर करण्याची वाट सापडली. समजा, मूळ दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ होते. तपासणीत ५.४ आणि ८.१ आढळले. दोन्ही आकडे सारख्याच प्रमाणात, दशांशाने, घटले आहेत. म्हणजे मिश्रणाचा दहावा भाग पाणी आहे. याउलट स्निग्धांश ४ वर आला आणि इतर घनपदार्थ ९.२ च्या आसपास आढळले, तर पाणी घातलेले नसून साय काढलेली आहे. आकड्यांची जोडी केवळ दोष दाखवीत नाही, तर दोषाचा प्रकारही सांगते.

येथे सावधगिरीही हवी. जनावराची जात, त्याचा चारा, ऋतू आणि व्यायल्यानंतर लोटलेला काळ यांमुळे निरशा दुधातील घटकही बदलतात. मूळ आकडे ठाऊक नसताना काढलेला निष्कर्ष एखाद्या प्रामाणिक शेतकऱ्याच्या माथी खोटा डाग लावू शकतो. समीकरण दिलेल्या माहितीवर चालते. चुकीची माहिती दिली तर ते चुकीचे उत्तर तितक्याच शांतपणे देते. पदार्थांचा स्वभावही ध्यानात घ्यावा लागतो. १०० मिलिलिटर पाणी आणि १०० मिलिलिटर अल्कोहोल एकत्र केले तर मिश्रण २०० मिलिलिटरपेक्षा थोडे कमी भरते. वजनाची बेरीज मात्र जुळते. म्हणून काटेकोर कामात मापापेक्षा वजनावर विसंबणे श्रेयस्कर मानतात. आकडे मांडण्यापूर्वी ते कोठून आले हे विचारणे, हाही गणिताचाच भाग आहे.

पाणी घातलेले दूध म्हणजे भेसळच, असेही सरसकट म्हणता येत नाही. मुंबईत दुधाची टंचाई होती, तेव्हा १९४० च्या दशकात दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने ‘टोन्ड’ दूध तयार होऊ लागले. म्हशीच्या दाट दुधात स्निग्धांश काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते बनवीत, आणि त्यामुळे स्वस्त पण पोषक दूध अधिक घरांपर्यंत पोहोचू शकले. १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासमवेत खुरोडी यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

टोन्ड दुधात ३ टक्के स्निग्धांश आणि ८.५ टक्के इतर घनपदार्थ असावे लागतात. ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ असलेल्या म्हशीच्या दुधापासून असे १०० किलो दूध बनवायचे, तर दूध, भुकटी आणि पाणी अशी तीन अज्ञाते येतात. आणि एकूण वजन, स्निग्धांश व इतर घनपदार्थ असे तीन साक्षीदारही मिळतात. १०० किलोत ३ किलो स्निग्धांश हवा, म्हणून ५० किलो दूध. त्यातून इतर घनपदार्थ साडेचार किलो येतात, हवेत साडेआठ. भुकटी संपूर्ण घनपदार्थांची आहे असे धरले, तर ती ४ किलो लागते. उरलेले ४६ किलो पाणी. येथे पाणी लपवलेले नाही. पिशवीवरील ‘टोन्ड’ या शब्दाने ते उघड सांगितले आहे. चोरून घातलेले पाणी आणि जाहीर करून घातलेले पाणी यांत रसायनाचा काहीच भेद नाही, भेद आहे तो सचोटीचा. तो भेद टिकवायचा, तर विकत घेणाऱ्यालाही आकडे पडताळता आले पाहिजेत.

शाब्दिक उदाहरणे शिकण्यामागचे खरे कारण हेच आहे. परीक्षेत त्यांना चार-पाच गुण असतात आणि तेही महत्त्वाचे आहेत. पण दुधाची पावती वाचणारा शेतकरी, दागिन्याची पावती हाती घेणारी गृहिणी आणि मालाचे प्रमाण तपासणारा गवंडी यांना त्याहून अधिक काही मिळते. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबून राहण्याची सक्ती संपते. अज्ञाताला नाव द्यावे, एकूण किती आणि सार किती हे विचारावे, दोन्ही उत्तरे एकाखाली एक लिहावीत आणि शेवटी पडताळा घ्यावा. एवढी शिस्त अंगी बाणली, की हंसाच्या चोचीची वाट पाहावी लागत नाही. पेन्सिलीचे टोक आणि कागदाचा कोपरा पुरतो.